तोफांच्या वाटांवर सायकली

१५ जुलै १९४८. भूमध्य समुद्राकाठच्या कान शहरातून निघालेले टूर द फ्रान्सचे सायकलपटू आलोस, व्हार आणि इझोआर अशा तीन खिंडी ओलांडून ब्रियाँसोंकडे येत होते. पाऊस, बोचरी थंडी आणि रस्त्यावर चिखल. आदल्याच दिवशी रोममध्ये कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. इटलीत संप, दंगली सुरू झाल्या होत्या आणि देश यादवीच्या तोंडाशी उभा होता. त्या रात्री पंतप्रधान दे गास्पेरी यांचा आपल्याला फोन आला, ‘जिंकलास तर फार बरं होईल’ असं ते म्हणाले, ही आठवण जिनो बार्ताली पुढे सांगत राहिला. तो तेव्हा चौतिशीला टेकलेला. आघाडीवरच्या सायकलपटूची पिवळी जर्सी फ्रान्सच्या तरुण लुईझों बोबेच्या अंगावर, आणि बार्ताली त्याच्या २१ मिनिटं २८ सेकंद मागे. इझोआरचा चढ संपवून तो ब्रियाँसोंला पहिला पोचला तेव्हा हे अंतर १ मिनिट ६ सेकंदांवर आलं होतं. दुसऱ्या दिवशी तेही उरलं नाही. टूरमधला त्याचा पहिला विजय १९३८मध्ये आणि दुसरा दहा वर्षांनी, १९४८मध्ये.

बार्तालीमुळे इटलीतली यादवी टळली असं म्हणण्याची प्रथा आहे. इतिहासकार ते तेवढं मानत नाहीत आणि मलाही ते पटत नाही. मला या गोष्टीत ओढून घेतलं ते गावाने. कारण ब्रियाँसोंची तटबंदी, तिचे बुरूज, भोवतीच्या डोंगरांवरचे किल्ले, हे सगळं उभारलं गेलं ते नेमकं पूर्वेकडून, आज इटली आहे त्या बाजूने, कुणी येऊ नये म्हणून. १९३८मध्येही बार्तालीने ब्रियाँसोंचा टप्पा जिंकला होता. १९४०मध्ये इटलीच्या तोफा याच परिसरावर रोखल्या गेल्या. आणि १९४८मध्ये तोच इटालियन माणूस त्याच गावात पहिला आला, त्या वेळी रस्त्याकडेला लोक उभे होते. दहा वर्षांतली ही तीन वर्षं डोक्यात ठेवली की ब्रियाँसों कसं पाहायचं ते आपोआप ठरतं. इथली प्रेक्षणीय स्थळं यादीतून एकेक करून उरकायची नसतात. इथे वाट पाहायची. कुठली वाट कुणाला अडवायला बंद केली आणि तीच पुढे कुणासाठी उघडली, हे पाहत पाहत चढायचं.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३२६ मीटरवर आहे. फ्रान्समधलं सगळ्यात उंचावरचं शहर म्हणून ते ओळखलं जातं, वस्ती जेमतेम अकरा-बारा हजारांची. पॅरिसच्या ऑस्तर्लित्झ स्थानकावरून रात्री सुटणारी गाडी सकाळी इथे आणून सोडते. पुढे रूळच नाहीत. स्टेशन खालच्या भागात आहे. जुनं गाव वर, खडकावर. मधला रस्ता असा सरळसोट चढणीचा की सामानाची पिशवी पाठीवर असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच माणूस थांबून मागे वळून बघतो. मागे द्युराँस आणि गिझान या नद्यांचा संगम आणि चहूकडे दऱ्या. रोमन काळात इथे ब्रिगांतियुम नावाचं ठाणं होतं, कारण पूर्वेला माँजनेव्रची खिंड १८५० मीटरच्या आसपास आहे. आल्प्समध्ये ही उंची फार नाही. बारमाही वापरता येईल अशी खिंड म्हणजे व्यापाऱ्यांसाठी वरदान आणि गावासाठी कायमची धास्ती.

वर पोचलात की पिन्यरोल दरवाजा लागतो. खंदकावरचा पूल, एकामागून एक दरवाजे आणि आत शिरल्या शिरल्या उताराचा मुख्य रस्ता. लोक त्याला मोठी ‘गार्गुइय’ म्हणतात. रस्त्याच्या मधोमध दगडात कोरलेली हातभर रुंदीची नाली आहे आणि तिच्यातून दिवसरात्र पाणी खळाळत खाली जातं. शेजारच्या गल्लीत तिची धाकटी बहीण. ही नाली शोभेची नाही. लाकडी घरांच्या या दाट वस्तीत आग लागली तर पाणी हाताशी असावं, म्हणून ती शतकानुशतकं वाहती ठेवली गेली. दुकानांच्या दोन रांगा तिच्या दोन्ही काठांवर, आणि दुपारच्या वेळी घाट उतरून आलेले सायकलस्वार टोपी काढून तीच टोपी नालीत बुडवतात आणि डोक्यावर घालतात. मी बराच वेळ एका पायरीवर बसून हे बघत होते. प्रत्येक जण तेच करत होता. कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

पण १६९२च्या जानेवारीत ही नाली पुरी पडली नाही. गावाचा बहुतेक भाग जळाला. त्याच वर्षी उन्हाळ्यात सव्हॉयच्या ड्यूकच्या फौजा आल्प्स ओलांडून आल्या. त्यांनी आंब्रं आणि गाप ही शहरं लुटली, जाळली. चौदाव्या लुईने आपला सर्वांत मोठा दुर्गरचनाकार वोबाँ याला इकडे धाडलं. सेबास्तियाँ द वोबाँ, जन्म १६३३. म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा तीन वर्षांनी लहान. तिकडे रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा हा माणूस फ्रान्सच्या सरहद्दीवर वेढे घालत आणि किल्ले बांधत होता. दोघांना एकमेकांची माहिती असण्याचं कारण नाही. पण डोंगरी मुलखाने दोन्हीकडच्या माणसांना एकच धडा दिला.

वोबाँची कीर्ती होती ती सपाट प्रदेशातल्या ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्यांसाठी. त्यात प्रत्येक बुरूज शेजारच्या बुरुजाला सांभाळतो. तटाचा कुठलाच कोपरा असा राहत नाही की जिथे शत्रू तोफगोळ्यांपासून लपू शकेल. ब्रियाँसोंच्या उतारावर ही भूमिती चालेना. इथला तट डोंगराच्या अंगाने वाकत, पायरीपायरीने चढत जातो. वरच्या बाजूला दुहेरी तट, खालच्या बाजूला कड्यावर भिस्त. आणि एवढं करूनही वोबाँला खरी चिंता होती ती समोरच्या डोंगरांची. गाव भोवतीच्या माथ्यांवरून दिसतं. त्यांतल्या एकावर तोफ चढवली की तटबंदी कुचकामी.

हे वाचताना मराठी माणसाला पुरंदर आठवल्याशिवाय कसं राहील? १६६५मध्ये मिर्झाराजा जयसिंगाने आधी वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरावर मारा सुरू केला. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात म्हणूनच बजावलं आहे, की किल्ल्याजवळ दुसरा पर्वत असू नये, असल्यास सुरुंग लावून फोडावा, फोडता येत नसेल तर तोही बांधून काढावा. आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. वोबाँ १७००मध्ये पुन्हा ब्रियाँसोंला आला तेव्हा त्याने समोरचे डोंगर बांधून काढण्याचा सल्ला दिला. पैसा आणि परवानगी यायला वेळ लागला, तो १७०७मध्ये वारला, पण त्याच्या मागून सालेत, त्र्वा तेत, राँदुइये असे किल्ले एकेका माथ्यावर उभे राहत गेले. दोन दुनियांतल्या दोन कारभाऱ्यांनी एकमेकांचा कागद न वाचता हाच निष्कर्ष काढला, याचं मला नवल वाटतं आणि थोडा अभिमानही.

त्र्वा तेतकडे जायला द्युराँसची घळ ओलांडावी लागते. त्यासाठी १७२९ ते १७३१ या काळात आस्फेलचा पूल बांधला. वोबाँच्या नंतर दुर्गखात्याचा प्रमुख झालेल्या मार्शल द आस्फेलचं नाव त्याला आहे. एकच कमान, सुमारे ३८ मीटरचा गाळा, आणि खाली ५५ मीटरवर नदी. आज त्यावरून मोटारी जात नाहीत. पुलाच्या मध्यावर कठड्याला रेलून उभं राहिलं की एका बाजूला जुन्या गावाचा तट, त्यावर डोकं काढणारे चर्चचे दोन मनोरे आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याकडे जाणारी झाडीतली वाट. या पुलाचं काम एकच होतं, गावातून किल्ल्यावर रसद आणि माणसं पोचवणं. तोफेचा गाडा वळू शकेल एवढी त्याची रुंदी. पलीकडच्या चढावर दगड इतके झिजलेले आहेत की पावसात बूट घसरतात, म्हणून काठी असू द्यावी.

चर्चही वोबाँच्याच आग्रहाने तटाशी आलं, १७०३ ते १७१८मध्ये बांधून झालं. त्याच्या भिंतींवर छायाघड्याळं आहेत. किंबहुना गावभर आहेत, दुकानांच्या वर, जुन्या वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर, रंगीत चौकटी, फुलं, पक्षी आणि लोखंडी काटा. वर्षातले बहुतेक दिवस इथे लख्ख ऊन असतं, त्याच उन्हामुळे पूर्वी क्षयरोगी इथल्या आरोग्यधामांत येऊन राहत. एकोणिसाव्या शतकात झार्बुला नावाचा एक फिरता कारागीर या खोऱ्यांतून गावोगाव हिंडून छायाघड्याळं रंगवत असे. त्याची घड्याळं अजून वेळ दाखवतात.

किल्ल्यांपेक्षाही जुनी एक गोष्ट इथले लोक अधिक प्रेमाने सांगतात. १३४३मध्ये या खोऱ्यांतल्या पन्नासेक गावांनी आपला सरंजामदार दोफँ दुसरा अँबेर याच्याशी सौदा केला. त्याला पैशांची चणचण होती. गावांनी १२,००० फ्लोरिन आणि दरवर्षीचा ठरीव सारा कबूल केला आणि बदल्यात सनद मिळवली. माणसं स्वतंत्र, पंच आपण निवडायचे, कर आपण वाटून घ्यायचा, सभा बोलावण्यासाठी कुणाची परवानगी नको. त्या गावसंघांना एस्कार्तों म्हणत. डोंगराच्या दोन्ही अंगांना मिळून असे पाच. खिंड ही त्यांच्या लेखी मधली ओसरी होती. १७१३मध्ये उत्रेख्तच्या तहाने सरहद्द डोंगराच्या कण्यावरून आखली आणि पूर्वेकडचे तीन एस्कार्तों सव्हॉयला गेले. पश्चिमेकडचे फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकले.

या खोऱ्यांतून हिवाळ्यात मास्तर बाहेर पडत. बर्फात शेती बंद, मग लिहायला वाचायला शिकलेली माणसं खालच्या प्रांतांतल्या बाजारात उभी राहत आणि गावं त्यांना हंगामापुरतं कामावर ठेवत. टोपीत एक पीस खोचलेलं असेल तर हा वाचायला शिकवतो. दोन असतील तर हिशेबही. तीन असतील तर लॅटिनही. मला हे चित्र किल्ल्यांच्या तोफांहून मोठं वाटतं.

आता रस्त्यांकडे. ब्रियाँसोंला जगभरचे सायकलस्वार येतात ते तटबंदी बघायला नव्हे, इझोआर, गालिब्ये, ग्रानों या खिंडींसाठी. पण या रस्त्यांचा आणि तटबंदीचा जन्मदाता एकच. इझोआरचा रस्ता १८९०च्या दशकात सैन्याने बांधला, सेनापती बॅरन बेर्ज यांच्या देखरेखीखाली, केरास खोऱ्यातून ब्रियाँसोंकडे तोफा आणि शिबंदी हलवता यावी म्हणून. ग्रानोंचा रस्ताही लष्कराचाच, वरच्या बराकींपर्यंत जाणारा. तोफा ओढणाऱ्या जनावरांना झेपेल असा चढ आणि गाडा फिरेल असं वळण, या हिशेबाने आखलेले रस्ते सायकलच्या पायडललाही झेपतात. इथले घाट चढायला इतके देखणे का, याचं उत्तर निसर्गात जेवढं आहे तेवढंच त्या लष्करी अभियंत्यांच्या आखणीत आहे.

माझ्याबरोबर कोल्हापूरचा एक मुलगा होता. ग्रनोबलला संशोधन करतो, दर शनिवारी-रविवारी कुठल्या तरी खिंडीवर असतो. मी बॅटरीची मदत असलेली सायकल भाड्याने घेतली. त्याची स्वतःची, पातळ चाकांची.

“काकू, पहिले पाच किलोमीटर बॅटरी वापरायचीच नाही बघा,” तो म्हणाला, “वरती सर्व्हियेरच्या पुढं झाडी लागली की मग लागंल तेवढी वापरा.”

“तुला ही सवय कुठे लागली?”

“पन्हाळ्याला. कोल्हापुरातनं पन्हाळा वीस किलोमीटर, हे पण वीस. अंतर तेवढंच, चढ तिप्पट. लई भारी आहे हे.”

चढ खरोखर जवळजवळ तिप्पट. ब्रियाँसोंच्या खालच्या भागापासून माथ्यापर्यंत अकराशे मीटरहून जास्त उंची चढायची. गाव सुटताच रस्ता सर्व्हेरेत नदीच्या घळीवरून जातो. डाव्या हाताला खाली पाण्याचा आवाज येतो, पाणी दिसत नाही. दर किलोमीटरला कडेला एक ठेंगणा दगड. त्यावर खिंडीचं नाव, माथा किती दूर, इथली उंची किती आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती टक्के. सायकलस्वाराला हे दगड फार मोलाचे. पुढच्या किलोमीटरला सात टक्के असं वाचलं की माणूस आधीच हलका गिअर टाकतो, पाण्याचा घोट घेतो, खांदे सैल सोडतो. दगडावर चार टक्के असेल तर गप्पा सुरू होतात. मला वाटतं, घाटात माणसाला दम पुरतो की नाही हे निम्मं अशा माहितीवर ठरतं. आपल्याकडच्या घाटांत ‘सावकाश जा’ आणि ‘दरड कोसळण्याची शक्यता’ एवढ्याच पाट्या दिसतात.

सर्व्हियेर हे दगडी घरांचं छोटं गाव. तिथपर्यंत चढ सोसवतो. मग लोस नावाच्या वाडीनंतर रस्ता लार्चच्या झाडीत शिरतो आणि एकावर एक वळणं सुरू होतात. वळणावर बाहेरच्या बाजूने घेतलं की चढ कमी लागतो, हे मला त्या मुलाने दाखवलं. तो स्वतः पुढे जायचा, पुढच्या वळणावर थांबून वरून हाक मारायचा, “काकू, अजून तीनच!” ते तीन कधी संपत नसत. आमच्या मागून डच, बेल्जियन, इटालियन माणसं येत आणि जाता जाता ‘बोंजूर’ म्हणत. सत्तरी ओलांडलेलं एक जोडपं जोडसायकलवर होतं. पुढे बाई, मागे नवरा. ती गिअर बदलताना ओरडून सांगायची आणि तो होकार द्यायचा, बाकी दोघं गप्प.

माथ्याच्या जरा खाली नेपोलियनचं विश्रामगृह लागतं. एल्बाहून परतताना १८१५मध्ये नेपोलियन याच जिल्ह्यातून गेला. गाप शहराने त्याचं जे स्वागत केलं, त्याची आठवण ठेवून त्याने मृत्युपत्रात या जिल्ह्यासाठी रक्कम ठेवली. तिच्यातून पुढे, तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, खिंडींवर वाटसरूंसाठी सहा आश्रयस्थानं बांधली गेली. त्यातलंच हे एक. बर्फात अडकलेल्या माणसाला छप्पर, विस्तव आणि गरम सूप. आज तिथे सूपही मिळतं आणि केकही.

माथा २३६० मीटरवर. दगडी स्तंभ आहे, तो रस्ता बांधणाऱ्या सैन्याच्या स्मरणार्थ. सगळे त्याला सायकली टेकवून फोटो काढतात. आमची खरी ओढ मात्र पलीकडच्या उताराची. दोनेक किलोमीटर खाली उतरलं की झाडी, गवत सगळं नाहीसं होतं आणि पिवळ्या राखाडी दगडमातीच्या घसरणीत मोठमोठे सुळके उभे दिसतात. हीच कास देझेर्त. १९२२मध्ये टूर पहिल्यांदा इझोआरवरून गेली आणि ब्रियाँसोंला आली, तो टप्पा बेल्जियमच्या फिलिप तिसने जिंकला. तेव्हा टूरमध्ये गिअर बदलण्याची यंत्रणा वापरायला बंदी होती, ती उठली १९३७मध्ये. या दगडधोंड्यांतून, कच्च्या रस्त्याने, जड सायकल घेऊन माणसं गेली. १९४९मध्ये बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी बाकी सगळ्यांना मागे टाकलं आणि दोघंच पुढे निघाले. तारीख होती १८ जुलै, बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस. ब्रियाँसोंला कोप्पीने त्याला पुढे जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी कोप्पीकडे गेली, ती पॅरिसपर्यंत.

मग १९५३. या खेपेस बोबे एकटा पुढे, आणि कोप्पी स्पर्धेत नव्हता. तो प्रेक्षक म्हणून इथेच रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होता. बोबेने तो टप्पा आणि ती टूर जिंकली. कास देझेर्तमध्ये एका खडकावर दोघांच्या मुखाकृती असलेली पाटी बसवली आहे. बोबे फ्रेंच, कोप्पी इटालियन. तिच्याखाली लोक रिकाम्या बाटल्या, टोप्या, कधी फुलं ठेवतात. कोल्हापूरच्या मुलाने आपल्या सायकलला बांधलेला भगवा रुमाल सोडला, पाटीला लावला, फोटो काढला आणि पुन्हा बांधून घेतला. “इथं ठेवला असता, पण उतारावर थंडी वाजंल,” म्हणाला.

ब्रियाँसोंला परतताना ईशान्येला, सरहद्दीच्या रांगेत, एक पिरॅमिडसारखा डोंगर दिसतो. शाबर्तों, ३१३१ मीटर. इटलीने त्याचा माथा सपाट करून आठ मनोऱ्यांवर आठ तोफा बसवल्या होत्या. इतक्या उंचावरची तोफांची माची युरोपात दुसरी नव्हती. १० जून १९४०ला मुसोलिनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. २१ जूनला धुकं विरलं तेव्हा ब्रियाँसोंच्या डोंगरांआड लपवलेल्या २८० मिलिमीटरच्या जुन्या फ्रेंच उखळी तोफांनी शाबर्तोंवर मारा केला आणि आठांपैकी सहा मनोरे निकामी झाले. उंचावरच्या तोफेची जी भीती वोबाँला होती, ती खरी ठरायला दोन शतकांहून अधिक काळ लागला. आणि ती माची बुडाली ती उघड्यावर असल्यामुळे. खाली लपलेल्या तोफा तिला दिसल्याच नाहीत. १९४७च्या तहाने तो डोंगर फ्रान्सकडे आला. आज लोक वर चालत जातात, धडधाकट असतील तर माउंटन बाइकही खांद्यावर घेऊन जातात.

बार्तालीची आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. १९४३-४४मध्ये, इटलीत जर्मन असताना, तो सरावाच्या निमित्ताने फ्लोरेन्स आणि असिसीच्या दरम्यान सायकलने जात असे आणि सायकलच्या नळ्यांत ज्यूंसाठी बनवलेली खोटी ओळखपत्रं लपवलेली असत. तो हे जाहीरपणे बोलला नाही. २०१३मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, याद वाशेम संस्थेने त्याचा गौरव केला.

उत्तरेच्या खिंडींबद्दल थोडक्यात. गिझानच्या खोऱ्याने वर गेलं की २०५८ मीटरवर लोतारे. तिथे १८९९पासूनची आल्पाइन वनस्पतींची बाग आहे आणि समोर मेज शिखराची हिमनदी. बागेत उन्हाळ्यात एक तास तरी द्यावा. तिथून गालिब्येचा फाटा, २६४२ मीटर. १९११मध्ये टूर पहिल्यांदा त्यावर गेली तेव्हा माथ्यावर पहिला पोचला एमिल जोर्जे. टूरचा संस्थापक आँरी देग्राँज या खिंडीवर इतका भाळला होता की त्याचं स्मारक दक्षिणेकडच्या उतारावर, बोगद्याच्या तोंडाशी उभारलं गेलं. ग्रानों २४१३ मीटर, त्यावर टूरचा टप्पा १९८६मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये संपला. दोन्ही वेळा पिवळी जर्सी तिथे हात बदलून गेली. चढणीतल्या सर्वोत्तमाचा किताब टूरमध्ये १९३३पासून आहे, लाल ठिपक्यांची जर्सी १९७५पासून. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो याच घराण्यातला.

सैन्य २००९मध्ये ब्रियाँसोंमधून गेलं. तीनशे वर्षं ज्या गावाच्या चुलीचा धूर छावणीवर अवलंबून होता, तिथे बराकी रिकाम्या झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८मध्ये, वोबाँच्या बारा ठिकाणांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली होती. ब्रियाँसों त्यातलं एक. आज गावात सायकलींची दुकानं, हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगुंडीचा मोसम आणि उन्हाळ्यात घाट. संध्याकाळी जुन्या गावात ‘तूर्तों’ खावेत, बटाट्याचं सारण भरून तळलेले, फुगलेले चौकोनी तुकडे, दिवाळीच्या करंजीचे तिखट भाऊबंद. गोडही मिळतात, सफरचंदाचे. घाटावरून आलेल्या माणसाला डझनभर पुरत नाहीत.

आणखी एका वाटेचा उल्लेख केल्याशिवाय हे गाव पुरं होत नाही. २०१७पासून माँजनेव्रच्या खिंडीतून अफगाणिस्तान, आफ्रिका इथून आलेली माणसं रात्री बर्फातून पायी फ्रान्समध्ये शिरू लागली. काही गारठून, काही दरीत पडून मेली. पोलीस सरहद्दीवर अडवतात. गावातले लोक रात्री चहा, कांबळी घेऊन डोंगरावर शोधायला जातात आणि खाली त्यांनी आसरा चालवला आहे. यावरून गावात भांडणं आहेत. जिच्या घरी मी उतरले होते ती बाई निवृत्त परिचारिका. ती म्हणाली, “डोंगरात कुणी अडकलं असेल तर आधी खाली आणायचं. कागद नंतर बघायचे. आमच्या आज्याने हेच सांगितलं होतं.” तिने एस्कार्तोंचं नाव घेतलं नाही, नेपोलियनच्या विश्रामगृहाचंही नाही.

शेवटच्या सकाळी आम्ही पुन्हा इझोआरच्या पायथ्याशी गेलो. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी सकाळचे काही तास या खिंडींवर मोटारींना बंदी असते. त्या सकाळी खिंड सायकलींची. कुणी शर्यत लावत नाही, घड्याळ नाही, पावती नाही. आठ-नऊ वर्षांची मुलं आईबापांच्या मागे चढत होती, आणि मोटारीच्या आवाजाशिवाय घाटात किती गोष्टी ऐकू येतात ते तिथे कळलं. साखळीची करकर, गायींच्या गळ्यातल्या घंटा, पुढच्या माणसाचा श्वास.

खाली आल्यावर कॉफी घेताना मुलाने विषय काढला तो पन्हाळ्याचा. जुलै २०२५मध्ये पॅरिसमध्ये भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले वारसा यादीत गेले. वोबाँचीही बारा, आपलेही बारा. त्यात पन्हाळा आहे, आणि पन्हाळ्यावर ब्रियाँसोंसारखीच नांदती वस्ती आहे. आता आपल्या घरांवर कसले निर्बंध येणार, या काळजीत तिथले लोक आहेत.

“इथं तटाच्या आत लोक राहतात की,” तो म्हणाला. “खिडकीचा रंग विचारून लावावा लागतो म्हणं, पण शाळा आहे, भाजीचं दुकान आहे. कुणाला उठवलं नाही. हे आपल्याकडच्या सायबांनी येऊन बघायला पायजे.”

“आणि घाट?”

“घाटाचं सोपं आहे, काकू. महिन्यातनं एका रविवारी सकाळी सहा ते नऊ, वाघबिळापासनं चार दरवाजापर्यंत गाड्या बंद. गडावरच्या लोकांच्या गाड्या आणि एसटी तेवढी सोडायची. खाली वाघबिळाला चार पोलीस, वर दोन. आणि दर किलोमीटरला दगड, उंची आणि चढ लिहिलेले.” त्याने कागदी रुमालावर दगड काढायला सुरुवात केली होती. पहिला वाघबिळाला, दुसरा पुढच्या वळणाला. तिसऱ्याची जागा त्याला नीट आठवेना, म्हणून त्याने कोल्हापूरला भावाला फोन लावला.